बालवीरांची स्मारके



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, व्याख्यानमालेत विषयांचा दुष्काळ पडला की काय? खाकी पोशाख, गळ्यात रुमाल आणि हातात काठी घेतलेली शाळकरी पोरे. त्यांची कसली स्मारके? शंका रास्त आहे. स्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे थोर पुरुष उभा राहतो. आपल्याच गावात टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मस्थान जपलेले आहे. पण चळवळ ही व्यक्ती नव्हे. त्यातून मुलांची चळवळ तर फारच चंचल. तिचा सभासद चार-सहा वर्षांत मोठा होतो, रुमाल ट्रंकेत ठेवतो आणि पोटापाण्याला लागतो. त्याच्या जागी दुसरा येतो. अशा येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांचे स्मारक करावे तरी कसे? हा प्रश्न जगात ठिकठिकाणी लोकांना पडला आणि त्यांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली. ती उत्तरे आज आपण तपासून पाहू.

प्रथम चळवळीची दोन शब्दांत ओळख. १९०७ च्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी नावाच्या लहानशा बेटावर बेडन-पॉवेल या निवृत्तीच्या वाटेवरील सेनाधिकाऱ्याने सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यांत ईटन-हॅरोसारख्या श्रीमंती शाळांतील मुले होती, तशीच जवळच्या गावांतील कष्टकऱ्यांची मुलेही होती. ती एका तंबूत झोपली, एका चुलीवरचे जेवली. त्या काळच्या इंग्लंडात हीच खरी नवलाची गोष्ट होती. पुढल्या वर्षी बेडन-पॉवेल यांचे पुस्तक निघाले आणि चळवळ रानातल्या वणव्यासारखी पसरली. आपण तिला बालवीर चळवळ म्हणतो आणि मुलींच्या शाखेला वीरबाला.

आता स्मारकांकडे वळू. पहिला प्रकार संस्थापकाच्या स्मारकांचा. ब्राउनसी बेटावर, जेथे ते शिबिर भरले तेथे, १९६७ साली साठ वर्षे पूर्ण झाली म्हणून एक शिळा बसविण्यात आली. तिचे अनावरण बेडन-पॉवेल यांच्या कन्येने केले. समोरच्या पूल बंदराच्या धक्क्यावर २००८ साली त्यांचा बैठा पुतळा आला. तो बेटाकडे पाहत बसला आहे. परंतु २०२० च्या जून महिन्यात याच पुतळ्याभोवती वादळ उठले. साम्राज्याच्या सेवेत ज्यांनी तलवार चालविली, त्यांचे पुतळे राहावेत की जावेत, हा प्रश्न त्या वर्षी अनेक देशांत पेटला होता. पूलच्या नगरसभेने पुतळा काही काळापुरता हलविण्याचे ठरविले, तर गावकरी आणि बालवीर त्याच्याभोवती पहारा देत उभे राहिले. शेवटी पुतळ्याला फळ्यांनी झाकून ठेवावे लागले.

आपण हिंदी माणसांनी या वादाकडे तटस्थपणे पाहावे, असे मला वाटत नाही. कारण त्याचा आपल्याशी संबंध आहे. येथे १९०९ साली बंगलोरला पहिले पथक निघाले ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. आपल्या मुलांना त्यात प्रवेश नव्हता. म्हणून १९१६ साली मद्रासेत ॲनी बेझंट बाईंनी हिंदी मुलांची निराळी संघटना काढली, आणि उत्तरेत पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची पथके उभारली. १९३७ साली बेडन-पॉवेल हिंदुस्थानात येऊन गेले. त्या सुमारास हिंदी लोकांच्या चारित्र्याविषयी त्यांनी अनुदार उद्गार काढले, मने दुखावली आणि १९३८ साली हिंदुस्थान स्काउट संघटना वेगळी निघाली. मग आपण काय केले? संस्थापकाचा अहंकार त्याच्यापाशी ठेवला आणि मुलांना तंबू ठोकायला, जत्रेत हरवलेले पोर शोधायला, जखमेला पट्टी बांधायला शिकविणारी विद्या आपली म्हणून घेतली. स्वातंत्र्यानंतर, पंडित नेहरू आणि मौलाना आझाद यांच्या प्रयत्नांनी, ७ नोव्हेंबर १९५० रोजी विखुरलेल्या संघटना एक होऊन भारत स्काउट आणि गाइड ही संस्था जन्मली. देणारा कसा होता हे विसरू नये. पण म्हणून घेतलेले चांगले टाकूनही देऊ नये.

त्या संस्थापकाच्या स्मारकांतही मला एक फार आवडते, आणि ते सर्वांत साधे आहे. बेडन-पॉवेल ८ जानेवारी १९४१ रोजी केनियात वारले. तेथील न्येरी गावी त्यांचे थडगे आहे. त्याच्या दगडावर एक वर्तुळ कोरले आहे आणि वर्तुळाच्या मध्ये एक टिंब. रानात पुढे गेलेला बालवीर मागून येणाऱ्यांसाठी मातीत खुणा करून ठेवतो. त्या खुणांच्या भाषेत याचा अर्थ, ‘मी घरी गेलो.’ ज्याला ती भाषा ठाऊक आहे, त्याला वेगळा मृत्युलेख वाचायची गरज नाही.

दुसरा प्रकार मुलांच्या स्वतःच्या स्मारकांचा. १९०९ साली बॉइस नावाचे एक अमेरिकन प्रकाशक लंडनात वाट चुकले. एका मुलाने त्यांना मुक्कामापर्यंत पोहोचविले. बॉइस बक्षीस देऊ लागले, तेव्हा तो म्हणाला, बालवीर मदतीबद्दल पैसे घेत नाही. कथेत त्या दिवशी दाट धुके होते असे सांगतात. अभ्यासकांना ते धुके काही सापडले नाही. पण बॉइस यांनी फेब्रुवारी १९१० मध्ये अमेरिकेत ही चळवळ सुरू केली, हे मात्र खरे. मुलाचे नाव कधीच कळले नाही. १९२६ साली अमेरिकन बालवीरांनी त्या अनामिकाला आपला सर्वोच्च सन्मान दिला आणि लंडनजवळच्या गिलवेल या शिक्षणकेंद्रात त्याच्या नावाने, नव्हे, नावाशिवाय, एका बायसनचा पुतळा बसविला. बायसन म्हणजे आपल्या गव्याचाच अमेरिकन भाऊबंद. सरदार-सेनापतींचे पुतळे जगात पुष्कळ आहेत. वाट दाखवून नाव न सांगता निघून गेलेल्या पोराचे स्मारक विरळाच.

आता जी हकिकत सांगतो, ती समुद्रकाठच्या गावात सांगताना जड जाते. ४ ऑगस्ट १९१२. लंडनच्या वॉलवर्थ या गरीब वस्तीतील बालवीरांचे पथक होडीने शिबिराला निघाले होते. लेजडाउनच्या किनाऱ्याजवळ एकाएकी वाऱ्याचा झोत आला आणि होडी उलटली. आठ बालवीर आणि त्यांच्याबरोबरचा एक खलाशी-शाळेचा मुलगा, अशी नऊ मुले बुडाली. त्या वेळचे नौदलमंत्री चर्चिल यांनी त्यांचे देह घरी आणण्यासाठी युद्धनौका पाठविली. नन्हेड येथील दफनभूमीत त्यांचे स्मारक झाले. रचना केली गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी. लंडनची ती तांबडी टेलिफोनची पेटी पुढे ज्यांनी घडविली, तेच हे वास्तुकार. वर एका बालवीराचा पुरुषभर उंचीचा कांस्यपुतळा होता. १९६९ साली चोरांनी तो पळविला. पुढे तेवीस वर्षांनी, १९९२ साली, स्थानिक लोकांनी तेथे उघड्या पुस्तकाच्या आकाराची एक लहान शिळा बसविली.

श्रोतेहो, या एका स्मारकाने दोन धडे दिले. पहिला असा की, कांसे चोरीला जाते. आठवण राहते ती ज्यांना ती ठेवायची असते, त्यांच्यामुळे. दुसरा धडा आपल्यासाठी. गणपतीपुळ्यासारख्या किनाऱ्यांवर सहलीला आलेली मुले बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. समुद्राच्या उशाशी राहणाऱ्या आपल्या गावांतून किती मुलांना पोहता येते? बुडणाऱ्याला दोर कसा टाकावा, पोटात पाणी गेलेल्याला कसे सावरावे, हे किती जणांना ठाऊक आहे? बुडालेल्या मुलांचे उत्तम स्मारक कोणते, हे आपणच ठरवावे.

मोठ्या राष्ट्रांनीही भव्य स्मारके केली. वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानासमोरील मैदानाजवळ नोव्हेंबर १९६४ मध्ये एक शिल्पसमूह उभा राहिला. डोनाल्ड डी ल्यू यांची ती कृती. एक बालवीर पुढे चालला आहे, मागे एक पुरुष आणि एक स्त्री उभी आहे. याच परिसरात १९३७ साली अमेरिकेतील बालवीरांचा पहिला राष्ट्रीय मेळावा भरला होता. शिल्पात मूल पुढे आणि मोठी माणसे मागे आहेत. ही मांडणी मला मार्मिक वाटते.

पोलंडची गोष्ट याहून गंभीर आहे. १९३९ साली जर्मनांनी तो देश गिळला, तेव्हा तेथील बालवीर संघटना भूमिगत झाली. १९४४ साली वॉर्सा शहराने उठाव केला. तो त्रेसष्ट दिवस चालला. त्यात लहान बालवीरांनी टपाल चालविले. गोळीबारातून, गटारांच्या भुयारांतून ती पोरे घराघराचा निरोप पोहोचवीत, आणि तोही फुकट. १ ऑक्टोबर १९८३ रोजी वॉर्सात ‘छोट्या बंडखोरा’चा पुतळा उभा राहिला. डोक्यावर न मावणारे मोठ्या माणसाचे शिरस्त्राण, आणि हातात बंदूक. अनावरण केले ते डॉक्टर येझी श्विदेर्स्की यांनी; उठावाच्या वेळी ते चौदा वर्षांचे निरोप्ये होते. पुतळा पाहणाऱ्याचे मन हेलावते यात संशय नाही. पण मला राहून राहून वाटते की, त्या हातात बंदुकीऐवजी टपालाची पिशवी असती तर? शिल्पकार शौर्य निवडतो तेव्हा सेवा कधी कधी मागे पडते.

असे एक दुःख आपल्या महाराष्ट्रातही कोरलेले आहे. ते बालवीर चळवळीचे नव्हे, पण मुलांचेच आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण पडले. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. तेथील माणिक चौकातील स्मारक त्यांची नावे सांगते. अशा ठिकाणी दगड हवाच. नाव लिहिले नाही, तर ‘काही मुले’ एवढेच इतिहासात उरते.

तिसरा प्रकार मात्र मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याचा एक नमुना पुण्यात आहे. जगातील वीरबालांच्या संघटनेने निरनिराळ्या देशांत आपली घरे उभारली. पहिले स्वित्झर्लंडमध्ये १९३२ साली, नंतर लंडनला, मग मेक्सिकोत, आणि १६ ऑक्टोबर १९६६ रोजी पुण्यात. उद्घाटन बेडन-पॉवेल यांच्या पत्नी ओलेव्ह यांनी सत्त्याहत्तराव्या वर्षी येथवर येऊन केले. घराचे नाव ‘संगम’. पुणेकराला संगम म्हटले की मुळा-मुठेची भेट आठवते. या संगमावर देशोदेशींच्या मुली भेटतात. त्या येतात, राहतात, शिकतात, गावातील संस्थांत काम करतात आणि परत जातात. ज्या चळवळीच्या पहिल्या पथकात आपल्या मुलांना जागा नव्हती, तिचे हे घर आपल्या भूमीवर आहे आणि नावही आपल्या भाषेतले आहे. सत्तावन्न वर्षांत अपमानाचे पारडे असे फिरले, आणि ते पुतळा पाडून फिरले नाही, घर बांधून फिरले.

असे घर आपल्या कोकणातही आहे. आपल्याच जिल्ह्यात, दापोली तालुक्यातील पालगडला, २४ डिसेंबर १८९९ रोजी साने गुरुजी जन्मले. १९४१ साली सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या मुलांचे ते दैवत होते. मुंबईच्या वाटेवर माणगाव तालुक्यातील वडघरला त्यांचे राष्ट्रीय स्मारक आहे, आणि तेथे मुलांची शिबिरे भरतात. गुरुजींना पुतळ्यापेक्षा हे आवडले असते, असे म्हणण्यात मी फारसे धाडस करतो असे नाही.

आता समारोप करतो. आपल्या कोकणात घरी जायला जांभ्या दगडाची पाखाडी असते. कोणी बांधली, हे सहसा कोणाला ठाऊक नसते. तिच्या पायऱ्या पावलांनी झिजतात, आणि झिजतात म्हणूनच तिच्यावर शेवाळ धरत नाही. मुलांच्या चळवळीचे स्मारक या पाखाडीसारखे असावे. नावे कोरायची तेथे अवश्य कोरावीत. नंदुरबारचा आणि नन्हेडचा दगड तेच सांगतो. पण उद्या आपल्या गावात तरुणांसाठी एखादे स्मारक करण्याची वेळ आली, वर्गणी गोळा झाली, समिती बसली, तर समितीने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: अनावरणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येथे कोणते मूल येईल, आणि कशासाठी येईल? उत्तर मिळाले, तर खुशाल पाया खणावा. मिळाले नाही, तर त्या पैशांत एक होडी, चार दोर आणि पोहायला शिकविणारा एक माणूस ठेवावा. त्या वाऱ्याच्या झोतात बुडालेल्या नऊ मुलांचे स्मारक मग भाट्याच्या पाण्यातही होईल.