पासवर्डचं पीठ



आम्ही सरकारी कार्यालयात काम करणारी माणसं. पासवर्ड टाकल्याशिवाय आमची सकाळ सुरू होत नाही. बरेच जण तोच पासवर्ड बँकेलाही ठेवतात. म्हणून तो संगणकात कसा साठवतात, हे सगळ्यांनीच जाणून घ्यावं.

चांगल्या व्यवस्थेत पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाहीत, त्याचं पीठ करून ठेवतात. ज्वारी दळली की पिठातून पुन्हा दाणे निघत नाहीत. आपण पासवर्ड टाकला की संगणक तो नव्यानं दळतो आणि ठेवलेल्या पिठाशी ताडून पाहतो. याला हॅशिंग म्हणतात.

१९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्समधल्या पद्धतीवर लेख लिहिला. त्यात प्रत्येक पासवर्डमध्ये वेगळं ‘मीठ’ घालायची सोय होती. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ निराळं होतं.

पण चोरही लाखो शब्द दळून जुळवून पाहतो. उपाय एकच, गिरणी मुद्दाम संथ करायची. १९९९ साली नील्स प्रोवोस आणि डेव्हिड माझिएर यांनी मांडलेल्या, ओपनबीएसडीतल्या बीक्रिप्टमध्ये यंत्रं वेगवान होतील तसे दळणाचे कष्ट वाढवता येतात. २०१५ च्या स्पर्धेत विजयी ठरलेलं आर्गॉन२ मेमरीही भरपूर मागतं, म्हणजे एकाच वेळी हजारो गिरण्या चालवणं चोराला महाग पडतं.

ही गिरणी ऑपरेटिंग सिस्टीमच्या लायब्ररीतच का हवी? प्रत्येक प्रोग्रामरनं घरचं जातं मांडलं तर चुका होणारच. लायब्ररीत एकदा नीट बसवली की सगळ्या प्रोग्रामना ती वापरता येते. पिठाच्या डब्यावर पद्धतीची खूण असते, त्यामुळे जुने पासवर्डही चालतात आणि बदलताना नव्या पद्धतीनं दळले जातात. नौबादच्या सुरंग बावीसारखं हे आहे. पाणी जमिनीखालून वाहायचं, वरच्याला दिसायचं नाही, पण लोकांची तहान त्यावर भागायची.

आता आपल्या कामाचं. ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर एखाद्या संकेतस्थळानं तुमचा जुनाच पासवर्ड पाठवला, तर समजा की तिथं पीठ नाही, दाणेच ठेवलेत. तो पासवर्ड इतर सगळीकडे लगेच बदला. आणि ‘१२३४५६’ असा पासवर्ड कितीही बारीक दळला तरी चोर तो पहिल्याच फेरीत ओळखतो. बँकेचा पासवर्ड वेगळा आणि लांब ठेवा, फोनवर कुणालाही सांगू नका.

गणपती बाप्पा मोरया!