दाम मोजून येणारा पाहुणा



दापोली-गुहागरपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत समुद्रालगतच्या गावांतून ‘घरगुती राहण्याजेवणाची सोय’ अशा पाट्या आता जागोजाग दृष्टीस पडतात. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे अखंड धावू लागली, आणि जी चिरेबंदी घरे एरवी शिमगा-गणपतीपुरती चाकरमान्यांनी गजबजत, त्यांपैकी कित्येकांच्या ओटीवर बारमाही परक्या माणसांचा राबता सुरू झाला. या व्यवहारात पैसा आहे, आणि त्याचा संकोच बाळगण्याचे मुळीच कारण नाही. परंतु नातलग गैरसोय पोटात घालतो, तशी दाम मोजून आलेल्या गृहस्थाने ती का घालावी?

म्हणून माझ्या मते खऱ्या आतिथ्याचा आरंभ बयाणा स्वीकारतानाच होतो. वैशाखात विहीर तळ गाठते, पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जाते, घरापर्यंत मोटार येत नसून शेवटी पाखाडीच्या पायऱ्या उतराव्या लागतात, हे सारे यजमानाने आधीच स्वच्छ शब्दांत कळवावे. गुडघ्यांनी जेरीस आलेल्या एखाद्या आजीबाईंना त्या पायऱ्यांच्या तोंडाशी उभे करून मग दिलगिरी व्यक्त करण्यात काय हशील?

याहून गंभीर जबाबदारी समुद्राची. घाटावरून आलेल्या मंडळींना भरती-ओहोटीचे ज्ञान नसते, आणि किनाऱ्यावरचे कित्येक मृत्यू या एका अज्ञानापायी घडतात. आपल्याकडे जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ सांगतात: अष्टमीस सुमारे सहा, द्वादशीस नऊ, तेथून सहा तासांनी पुरती ओहोटी. हा हिशेब रोज सकाळी चहाबरोबर पाहुण्यांच्या कानावर घालावा, आणि पाणी मागे ओढू लागल्यावर कोणी पोहण्यास निघाला तर भीड न धरता त्यास अडवावे.

जेवणाविषयी फार सांगणे नलगे. शहरातल्या खाणावळीचे पदार्थ येथे रांधण्याचा अट्टहास सोडून घावन, कुळथाची पिठी, फणसाची भाजी आणि सोलकढी मनापासून वाढावी, आणि पाने उचलली की ओटा पाहुण्यांच्या स्वाधीन करून आपण आत निघून जावे. सतत चौकशी करणारा यजमानही जाचच करतो.

हिशेबाचा कागद निघण्याच्या आदल्या रात्रीच हाती द्यावा, म्हणजे काही शंका असल्यास सकाळच्या धांदलीपूर्वी तिचे निरसन होते; आणि दरपत्रकात नसलेला दुपारचा चहा आपण होऊन दिला असेल, तर त्याची रक्कम त्या कागदावर चढवू नये.