पगारपत्रकाचेही चावडीवाचन झाले पाहिजे
(शिराळा येथील बैठकीतील भाषण)



आज इथे जत-आटपाडीकडची ज्वारीवाली मंडळी आहेत, विदर्भ-मराठवाड्यातली कापूसवालीही आहेत. सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो. आपले काय काय उघड्यावर आहे?

सातबारा उघडा आहे. कोणाच्या नावे किती गुंठे, त्यावर कोणत्या सोसायटीचा बोजा, हे गट नंबर ठाऊक असलेला कोणीही संगणकावर पाहतो. त्याचे चावडीवाचनही होते. 2020 साली महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेच्या याद्या आल्या, तेव्हा कर्जाच्या रकमेसह आपली नावे चावडीवर लागली. मालाचा भावही जाहीर आहे. 2025-26 च्या हंगामाला क्विंटलमागे संकरित ज्वारी 3699 रुपये, मध्यम धाग्याचा कापूस 7710 रुपये. तो पदरात पडतो का, हा भाग वेगळा.

आता दुसरी बाजू पाहा. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद इथे किती पदे आहेत, त्यावर कोण आहे, कोणाला महिना किती पगार मिळतो? विचारले की साहेब म्हणतात, "ती खासगी माहिती आहे."

ती खासगी नाही. माहितीचा अधिकार कायदा 2005 साली झाला. त्याच्या कलम 4 मध्ये 17 बाबी आहेत. दहावी बाब सांगते की प्रत्येक अधिकाऱ्याला आणि कर्मचाऱ्याला मिळणारे मासिक वेतन कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करायचे. त्यासाठी कोणी अर्ज करण्याचीही गरज नाही. मुदत होती 120 दिवसांची. तिला वीस वर्षे उलटली! ही माहिती लोकांना समजेल अशा स्थानिक भाषेत द्यावी, आणि सूचनाफलक, जाहीर घोषणा अशा मार्गांनी पोचवावी, हेही त्याच कलमात आहे.

साहेब लोक दोन आडकाठ्या घालतात. पहिली, 2012 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. अकोल्यातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात न्यायालयाने त्याच्यावरील कारवाईची कागदपत्रे, मालमत्ता, प्राप्तिकराची विवरणपत्रे ही वैयक्तिक माहिती ठरवली. दुसरी, 2023 चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा. त्याने माहिती अधिकाराचे कलम 8(1)(ञ) बदलून नकाराची वाट रुंद केली. हे दोन्ही खरे. पण कलम 4 मधली पगाराची ओळ त्या कायद्याने खोडलेली नाही. कलम 8(2) सुद्धा कायम आहे. जनहित मोठे असेल तर नाकारता येणारी माहितीही देता येते, असे ते सांगते.

आणखी एक गोष्ट मनात ठेवा. ही मागणी कोणाच्या ताटातल्या भाकरीवर डोळा ठेवून नाही. पगार घेणाऱ्याचे घरचे कर्ज, बँकेचा खातेक्रमांक, राहता पत्ता आपल्याला नको. पद, नाव, वेतन आणि कामाचे ठिकाण एवढे पुरे.

एवढ्यातून काय साधते? पशुधन पर्यवेक्षकाचा पगार आपल्या दवाखान्याच्या नावे निघतो आणि माणूस दुसरीकडे प्रतिनियुक्तीवर असेल, तर ते कागदावर दिसते. मग बैल आडवा पडल्यावर कोणाला जाब विचारायचा ते कळते. आरोग्य उपकेंद्रातले कोणते पद रिकामे आहे ते दिसते. ग्रामपंचायतीचा पैसा आस्थापनेवर किती जातो आणि गटार-पाण्यावर किती उरतो, तेही दिसते.

सगळ्यात मोठा फायदा तर गावातल्या पाणी सोडणाऱ्या माणसाचा आहे. पहाटे उठून तो व्हॉल्व्ह फिरवतो. त्याचा पगार घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीला बांधलेला. वसुली थकली की त्याचा पगार थकला. कागदावर एक आकडा, हातात दुसरा, असे असेल तर पत्रक फळ्यावर लागल्याबरोबर पहिला बोलेल तो तोच. झाकलेल्या आकड्याने नोकरदारातला दुबळा मरतो. मोठ्या साहेबाचे काही बिघडत नाही.

हा जुना सातारा जिल्ह्याचा मुलूख आहे. याच तालुक्यातल्या बिळाशीने 1930 साली जंगल सत्याग्रह केला. बंदुकीला न भ्यालेल्या गावाने फळ्यावरच्या कागदासाठी भिऊन कसे चालेल?

तेव्हा गावी जाऊन एवढे करा :

1. येत्या ग्रामसभेत ठराव मांडा की ग्रामपंचायतीचे पगारपत्रक मराठीत फलकावर लावावे आणि सभेत वाचून दाखवावे. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या.

2. महिन्यात कागद लागला नाही तर जन माहिती अधिकाऱ्याकडे 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. कलम 4(1)(ख)(दहा) असे स्पष्ट लिहा. पोच घ्या. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही.

3. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा नकार आला, तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील. तिथेही दाद नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोग.

4. अर्ज एकट्याने करू नका. पाचदहा जणांनी मिळून जा, पण अर्ज ज्याचा त्याने आपापल्या सहीने द्या.

आपली थकबाकी ज्या भिंतीवर लागते, त्याच भिंतीवर पगारपत्रक लागले पाहिजे. एका गावात लागले की शेजारचे गाव विचारेल, आमचे कुठे आहे? पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येकाने आपल्या ठरावाची नक्कल घेऊन यावे.