निकामी तेलविहिरी आणि भूगर्भातील उष्णता
(म्हैसूर येथील अभ्यासवर्गात पक्षाच्या एका अनुवादकाने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी शास्त्रज्ञ नव्हे. कला शाखेचा पदवीधर, आणि शास्त्रीय व आर्थिक कागदपत्रे मराठीत आणणारा एक कार्यकर्ता. परंतु तेल आणि वायू संपलेल्या विहिरींतून उष्णता काढता येईल काय, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केले. वापरातून गेलेल्या तेल-वायू विहिरींचा पुन्हा उपयोग करणे आणि तेल कंपन्यांनी त्यासाठी इतरांशी भागीदारी करणे या गोष्टींना त्यात स्थान आहे. म्हणजे विहिरी कोणाच्या आणि उष्णता कोणासाठी, हे आता ठरणार आहे. कामगार-शेतकरी चळवळीने ते ठरून जाण्यापूर्वी समजून घेतले पाहिजे.

उष्णता कोठे आहे?

जमिनीत जसजसे खोल जावे तसतसे तापमान वाढते. पण सर्वत्र सारख्या वेगाने नव्हे. आपण बसलो आहोत ती म्हैसूरची भूमी अतिप्राचीन आणि थंड खडकाची आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेल्या होत्या. तेथे खडकाचे तापमान साठ अंशांच्या थोडे पुढे होते. कामगाराला भाजून काढण्यास ते पुरेसे होते. वीजनिर्मितीला मात्र अपुरे.

गुजरातमधील खंभातच्या खोऱ्याची गोष्ट वेगळी आहे. अहमदाबाद, मेहसाणा, खेडा, आणंद, भरूच हा सारा तेलपट्टा. आपल्या वडोदऱ्याच्या मराठी वाचकांच्या तर तो दाराशीच आहे. तेथे दर किलोमीटरमागे तापमान चाळीस अंशांच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही अधिक वाढते. म्हणजे दोन किलोमीटर खोलीवर पाणी शंभर अंशांपर्यंत तापलेले मिळू शकते. कोकणात उन्हवरे, तुरळ, राजवाडी येथे किंवा ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी-गणेशपुरीला उन्हाळी आहेत. पण तेथे तयार विहिरी नाहीत. खंभातच्या खोऱ्यात उष्णता आणि विहीर दोन्ही एकाच जागी आहेत. भूऔष्णिक प्रकल्पाच्या खर्चाचा मोठा वाटा खोदाईवर जातो, आणि येथे तो खर्च पूर्वीच झालेला आहे.

तो कोणी केला? १९५६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला. पाश्चात्त्य तेल कंपन्यांनी हात आखडता घेतला असताना केशवदेव मालवीय यांच्या आग्रहाने आणि सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने शोध सुरू झाला. १९५८ मध्ये खंभातजवळ आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. त्या विहिरींचे पोलादी नळ, त्यांभोवतीचे सिमेंट, थराथरांच्या नोंदी ही सर्व भारतीय जनतेच्या पैशाने आणि तेलकामगारांच्या घामाने उभी राहिलेली मालमत्ता आहे.

हिशेब नीट मांडू

या विषयावर अतिशयोक्ती फार होते, म्हणून आकडे पाहू. एखाद्या जुन्या विहिरीतून सेकंदाला दहा लिटर पाणी शंभर अंशांवर मिळाले आणि त्यातील उष्णता काढून ते साठ अंशांवर आणले, तर सुमारे १,६०० किलोवॅट उष्णता मिळते. त्यापासून वीज करावयाची तर कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव या पाण्याने तापवून त्याच्या वाफेवर यंत्र फिरवावे लागते. कामचाटकातील पारातुंका येथे सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये केवळ ऐंशी-एक अंशांच्या पाण्यावर असे केंद्र चालवून दाखविले. परंतु इतक्या कमी तापमानाला उष्णतेचा आठ-दहा टक्के भागच विजेत उतरतो. आपल्या विहिरीतून सव्वाशे ते दीडशे किलोवॅट वीज मिळेल, आणि त्यातलीही काही पंप व थंडाव्याची यंत्रे खाऊन टाकतील. अमेरिकेत वायोमिंगच्या तेलक्षेत्रात २००८ मध्ये बसविलेला संच २५० किलोवॅटचा होता. चीनच्या हुआबेई तेलक्षेत्रातील २०११ चा ४०० किलोवॅटचा. हे प्रयोग मोलाचे आहेत. पण यातून देशाची वीजटंचाई मिटेल असे सांगणारा माणूस एकतर अजाण आहे किंवा काहीतरी विकावयास निघाला आहे.

विहीर पूर्ण कोरडी असेल, तर नळात नळ घालून वरून सोडलेले पाणी तापवून परत आणता येते. त्यात मिळणारी उष्णता याहून पुष्कळच कमी असते.

मग यात अर्थ काय? अर्थ असा की उष्णता उष्णता म्हणूनच वापरावी. ते १,६०० किलोवॅट जवळपास सगळेच्या सगळे कामी येतात. हंगेरीत तेल-वायूच्या शोधात खोदलेल्या कित्येक विहिरी पुढे गरम पाण्यासाठी वापरल्या गेल्या. त्यावर घरे ऊबदार ठेवली जातात, काचगृहांत भाजी पिकते. आपल्याला घरे तापवावयाची नाहीत. पण दुधाच्या पाश्चरीकरणास ७२ अंश पुरतात. मिरची, कांदा, हळद वाळविण्यास त्याहून कमी लागतात. बाष्पकात जाणारे पाणी आधी तापविले तर इंधन वाचते. आणि उष्णतेवर चालणारी शीतगृहेही उभारता येतात.

म्हैसूर आणि खेडा

येथे म्हैसूरचा संबंध येतो. १९५० साली याच शहरात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. म्हशीच्या दुधापासून बालकांचे अन्न तयार करण्याची पद्धत या संस्थेने विकसित केली, आणि ती खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांच्या सहकारी संघाने उचलली. त्यातून परदेशी डबाबंद बालान्नाला देशी पर्याय उभा राहिला. सार्वजनिक प्रयोगशाळा आणि शेतकऱ्यांची सहकारी संस्था एकत्र आल्या की काय होते, त्याचा हा पुरावा आहे. तोच खेडा-आणंदचा मुलूख आज निकामी तेलविहिरींचाही आहे. विहीर सार्वजनिक, ज्ञान सार्वजनिक, वापरणारी संस्था शेतकऱ्यांची. ही साखळी जोडण्यात तंत्राचा अडथळा मोठा नाही. अडथळा आहे तो धोरणाचा.

दुसरा धडाही याच मुलखातला. १९०२ मध्ये शिवनसमुद्र येथे कावेरीवर वीज निर्माण झाली. सुमारे दीडशे किलोमीटर तारा टाकून ती प्रथम कोठे नेली? कोलारच्या खाणींना, म्हणजे ब्रिटिश कंपन्यांच्या नफ्याला. बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले ते १९०५ मध्ये. आणि त्याच खाणी, पुढे सार्वजनिक मालकीत येऊनही, २००१ मध्ये बंद झाल्या तेव्हा कामगार वाऱ्यावर सोडले गेले. ऊर्जा कोठून येते याइतकेच ती प्रथम कोणाकडे जाते, हेही विचारले पाहिजे.

आपल्या मागण्या

जुनी विहीर ही मालमत्ता आहे, तशीच जबाबदारीही आहे. नळ गंजतात, सिमेंट फुटते, वायू झिरपतो. खोलातले खारे पाणी शेतात वा कालव्यात सोडले तर जमीन नासते. ते पुन्हा भूगर्भातच सोडले पाहिजे. नफ्याच्या विहिरी खासगी भागीदाराकडे आणि गळक्या विहिरी सरकारकडे, अशी वाटणी झाली तर तिला आपण विरोध केला पाहिजे.

म्हणून आपले म्हणणे असे. प्रत्येक बंद विहिरीची खोली, तापमान, नळांची स्थिती आणि जवळच्या गावाचे वा कारखान्याचे अंतर यांची यादी जनतेपुढे ठेवावी. कारण गरम पाणी नळातून फार दूर नेले तर वाटेतच निवते. मालकी सार्वजनिक क्षेत्राकडेच राहावी. उष्णतेवर पहिला हक्क सहकारी संस्थांचा आणि ज्यांच्या जमिनी खोदाईत गेल्या त्या गावांचा असावा. विहीर चालवील त्यानेच ती अखेर सुरक्षितपणे बुजविण्याचा खर्च आधी बाजूला ठेवावा. आणि तेलक्षेत्रातील कंत्राटी कामगारांना या कामात कायम नोकरी मिळावी. त्या नळांची नाडी त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला कळत नाही.

गुजरातमधील साथींनी तेलकामगार संघटना आणि दूध उत्पादक शेतकरी यांना या प्रश्नावर एकत्र बसवावे. विहिरींची यादी मागण्यापासून सुरुवात करता येईल.