शुद्धीवरचा सुधाकर



धानाची कापणी-मळणी उरकली की देवरी तालुक्यापासून कोरची-कुरखेड्यापर्यंत मंडईचे दिवस येतात, आणि मंडईच्या रात्री नाटक हवंच. वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरतात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत बायाबापड्या, म्हातारेकोतारे जागचे हलत नाहीत. एका घराची वाताहत रात्रभर डोळे पुसत पाहणारा प्रेक्षक या झाडीपट्टीने जपला आहे. २०२३ साली इथले रंगकर्मी परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीकडे दिल्लीचंही लक्ष गेलं. अशा प्रेक्षकासमोर शोकनायकाच्या मनाचा विषय काढायचा, तर आधी ‘एकच प्याला’तला सुधाकरच आठवतो.

त्याचा निर्माता विदर्भाच्या मातीतच विसावला. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गेले. वय अवघं तेहेतीस. महिना उलटायच्या आत, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात ‘एकच प्याला’ रंगमंचावर आणलं. सुधाकरच्या बायकोच्या भूमिकेतली बालगंधर्वांची सिंधू पाहायला महाराष्ट्र लोटला. गणपतराव बोडसांनी सुधाकर उभा केला, पण लोकांच्या मनात घर केलं ते सिंधूने. सुधाकर उरला तो झोकांड्या खाणारा दारुडा म्हणून. शंभर वर्षं त्याच्यावर हा अन्याय होत आला आहे.

दारू सुधाकरच्या आयुष्यात उशिरा येते. त्याआधी येतो अपमान. हुशार, तडफदार वकील. भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि त्याची सनद सहा महिन्यांसाठी रद्द होते. सहा महिने म्हणजे काही जन्म नव्हे. घरी जीव ओवाळून टाकणारी बायको आहे, तिचं माहेर श्रीमंत आहे, रामलालसारखा मित्र आहे. एखादा साधा माणूस मान खाली घालून हे दिवस काढील. सुधाकरला नेमकं तेच जमत नाही. पैशाची चणचण त्याला तितकी छळत नाही, जितकी लोकांची नजर छळते.

त्याला दारूची वाट दाखवणाऱ्या तळीरामाने हे बरोबर हेरलं आहे. सासऱ्याचा पैसा घेतला तर सुधाकर स्वतःच्या नजरेत लहान होतो. रामलालचा उपदेश ऐकला तरी लहान होतो. सिंधूने सोसलेला प्रत्येक घाव तर त्याच्या नाकर्तेपणाची साक्षच देतो. त्याच्या आजूबाजूला जेवढी माया आहे तेवढी त्याला बोचते. प्याला मात्र उपकार करत नाही, उपदेश करत नाही, कीवही करत नाही. तळीराम त्याला दारू पाजतो म्हणण्यापेक्षा, ज्या एका मदतीने मान झुकवावी लागत नाही ती पुढे करतो, असं म्हणणं जास्त खरं.

म्हणूनच सुधाकर सिंधूला माहेरच्या पैशाला शिवणार नाही अशी शपथ घालतो. घर उपाशी आहे, मूल लहान आहे, बायको दळण दळून चूल पेटवते आहे, आणि हा गृहस्थ आपल्या स्वाभिमानाचं शेवटचं खोपट तिच्या उपासावर उभं करतो. त्याची चीड येते. तरी नीट पाहिलं तर कळतं की या शपथेमागे नशेहून अधिक अहंकार बोलतो आहे. नशेत केलेल्या गुन्ह्याला नशेची सबब असते. या शपथेला ती पुरत नाही.

नाटकातली सर्वांत कठीण जागा त्यापुढची आहे. सुधाकर दारू सोडतो. मनापासून सोडतो, काम मागायला बाहेर पडतो. दारोदार त्याला आठवण करून दिली जाते की तू कोण आहेस. पहिला अपमान कोर्टात झाला तेव्हा त्याच्याजवळ अहंकार होता; आता तोही झिजलेला आहे, आणि आता मात्र माफीची गरज खरी आहे. ती मिळत नाही. तो प्याल्याकडे परततो तेव्हा त्याला कुणीही फसवलेलं नसतं.

इथे तो देवलांच्या ‘झुंजाररावा’हून वेगळा ठरतो. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोवरून उभा केलेला तो वीर दुसऱ्याच्या कपटाला बळी पडतो, त्याला सत्य उशिरा कळतं. सुधाकरला सगळं वेळेवर कळतं. दारूची मगरमिठी कशी आवळत जाते हे त्याच्याइतकं स्पष्ट कुठल्याही प्रचारकाने सांगितलेलं नाही. जवळचा वाटतो तो आगरकरांच्या ‘विकारविलसिता’तला चंद्रसेन, म्हणजे मराठी हॅम्लेट, त्यालाही कळतं पण वळत नाही.

गडकऱ्यांनी हा झगडा एकट्या सुधाकराच्या माथी मारलेला नाही. सज्जन रामलालचंही मन सुधाकरच्या बहिणीच्या, शरदच्या बाबतीत डळमळतं. विधवा मुलीला आधार देणारा हा माणूस स्वतःच्या मनात डोकावून हादरतो आणि सावरतो. प्रयोग आटोपशीर करायचा म्हणून हा भाग कापावासा वाटतो, पण तो कापला की सुधाकरच्या पतनाला तोलून धरणारं काही उरत नाही.

नाटक निर्दोष नाही. वाक्यं अलंकारांनी लवलेली आहेत. फौजदारापुढे नवऱ्याला वाचवणाऱ्या मरणासन्न सिंधूचं सोसणं आज पाहवत नाही, आणि त्याला आदर्श म्हणणं तर सोडूनच द्यायला हवं.

आता इथल्या दारूकडे पाहू. आपल्या या चिचगडच्या भोवती मोहाची झाडं आहेत. गोंड समाजात मोहाची दारू देवकार्यात आहे, पितरांच्या कार्यात आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि तिच्यामागे बायांनी केलेली चळवळ आहे. दारूने घरं मोडलेली या मंडपातल्या कितीतरी माणसांनी पाहिली आहेत. त्यांना दारू वाईट हे नव्याने सांगायला नको. घरातला शिकला-सवरलेला पोरगा हरल्यावर कुणाशी बोलत का नाही, हे मात्र त्यांना जाणून घ्यायचं असतं, आणि सुधाकरजवळ त्याचं उत्तर आहे.

तेव्हा झाडीपट्टीतल्या दिग्दर्शकांना आग्रहाची विनंती आहे. पुढच्या हंगामात ‘एकच प्याला’ घ्याल तेव्हा झोकांडीवर मिळणाऱ्या हशासाठी वेळ घालवू नका. नोकरी मागायला निघालेला, धुतलेले कपडे घातलेला, हात न थरथरणारा सुधाकर आधी बसवा. त्या प्रवेशाला पूर्ण वेळ द्या, आणि तुमचा सर्वांत चांगला नट तिथे उभा करा.