जेन एअरचे तीस पौंड



आज आम्ही आपणांस एका पोरक्या इंग्रज मुलीची गोष्ट सांगणार आहोंत. गोष्ट घडलेली नव्हे, रचलेली आहे. पण रचणारी शार्लट ब्रॉंटे हिनें स्वतः परक्या घरीं मुलें शिकवून पोट भरलें होतें. तिची 'जेन एअर' ही कादंबरी १८४७ सालीं निघाली, तेव्हां पुस्तकावर बाईचें नांव नव्हतें. करर बेल असें, पुरुषाचें वाटेल असें नांव घातलें होतें. बाईनें लिहिलें म्हटलें कीं लोकांचा तराजूच बदलतो, हें ती ओळखून होती.

जेन दहा वर्षांची. आईबाप नाहींत, मामीच्या घरीं वाढते. मामेभाऊ पुस्तक फेंकून मारतो, ती उलट अंगावर जाते, आणि कोंडतात तें तिलाच. पुढें लोवुडच्या धर्मादाय शाळेंत तिची रवानगी होते. तेथील कारभारी ब्रॉकलहर्स्ट हा धर्मोपदेशक. पोरींना करपलेली लापशी, थंडींत अपुरे कपडे, आणि वर देहदंडाचें प्रवचन! एका मुलीचे केस जात्याच कुरळे. ते कापून टाका, असा हुकूम सुटतो. इतक्यांत त्याच्याच बायकोमुली आंत येतात. अंगावर मखमल, रेशीम, आणि केस मुद्दाम कुरळे करून घेतलेले! (हशा.) परलोक गरिबाला आणि इहलोक उपदेशकाला, ही वांटणी आपल्या लोकांस नवी नाहीं.

तेथेंच सहा वर्षें शिकून व दोन वर्षें शिकवून जेन अठरा वर्षांची होते. मग ती आपल्या मनानें वर्तमानपत्रांत जाहिरात देते आणि सालीना तीस पौंडांची शिक्षिकेची नोकरी मिळवते. लोवुडांत पंधरा मिळत. आमच्या मतें ती त्या दिवशीं वयांत आली. लग्नाची गोष्ट मागाहूनची.

नव्या घरचा मालक रॉचेस्टर. दोघांचा जीव जडतो, लग्न ठरतें, आणि ऐन लग्नांत कळतें कीं त्याची पहिली बायको जिवंत असून वेडी म्हणून माळ्यावर कोंडलेली आहे. (जमेकाहून आणलेल्या त्या बाईचें म्हणणें पुस्तकांत कोणी विचारीत नाहीं, हें आम्हांस खटकलें.) जेन घर सोडते. जवळचे वीस शिलिंग गाडीभाड्यांत जातात. डुकरापुढें टाकायची लापशी ती मागून खाते.

पुढें सेंट जॉन नांवाचा तरुण धर्मोपदेशक तिला मॉर्टन खेड्यांतील मुलींच्या शाळेवर नेमतो. प्रथम वीस पोरी. तिघींना वाचतां येतें, लिहितां एकीलाही येत नाहीं. त्यांची बोली हिला कळत नाहीं, हिची त्यांना. त्या संध्याकाळीं जेनला वाटतें, आपण खालीं आलों! मग तीच स्वतःला दटावते, कीं जाड्याभरड्या कपड्यांतल्या या शेतकऱ्यांच्या पोरींचें रक्तमांस थोर कुळांतल्या मुलांइतकेंच चांगलें आहे. आम्ही खेड्यांतले मास्तर. हें पान आम्हीं दोनदां वाचलें. तसें वाटणारे मास्तर पुष्कळ पाहिले, स्वतःला दटावणारे थोडे.

नंतर चुलत्याचे वीस हजार पौंड तिला मिळतात. सेंट जॉन आतेभाऊ निघतो. त्याच्यासह तिघां भावंडांना बरोबरीचा वांटा देऊन ती स्वतःस पांच हजार ठेवते. तो म्हणतो, माझी बायको होऊन मिशनच्या कामाला हिंदुस्थानांत चल. ती म्हणते, कामाला येईन, बायको होणार नाहीं. अखेर पहिली बायको आगींत मेल्यावर, आंधळ्या झालेल्या रॉचेस्टरकडे ती आपल्या खुषीनें परत जाते. तेव्हां इंग्लंडांत बायकोची रोकड लग्नाबरोबर नवऱ्याची होई. आपली कमाई आपली म्हणण्याचा हक्क तिला १८७० त आणि सर्व मिळकतीचा १८८२ त मिळाला. त्याच १८८२ त आमच्या ताराबाई शिंदे यांनीं 'स्त्रीपुरुष तुलना' छापली.

जेननें मॉर्टनची शाळा सोडली तेव्हां पट साठावर गेला होता. आठवड्यास एक तास येऊन शिकवीन, असें ती त्या पोरींना म्हणाली. आम्हीं ही गोष्ट आमच्या वर्गांत सांगितली, तेव्हां एका कुंभाराच्या पोरीनें विचारलें, "गुरुजी, त्या साठजणींतली मास्तरीण कोण झाली?" पुस्तकांत तें लिहिलेलें नाहीं, असें सांगून आम्हांस पुढच्या धड्याला जावें लागलें.