थोडक्या पाण्यातलं वृंदावन

श्रोतेहो, तुळशीचं वृंदावन विकतच आणायला हवं असं नाही. ते घरीही ओतता येतं. फुटकी बादली हा बाहेरचा साचा, तिच्यात बसणारी लहान बादली हा आतला. दोन्हींना तेलाचा हात फिरवा. एक भाग सिमेंट, दोन भाग चाळलेली वाळू घट्टसर कालवा. हे काम मोठ्यांनीच करावं, हातमोजे घालून. ओलं सिमेंट कातडी सोलवटतं. तळाला भोक राहावं म्हणून पाइपचा तुकडा उभा करा. २४ तासांनी साचा सोडवा.

सिमेंट वाळून नव्हे, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. म्हणून तर गवंडी पाणी मारतो. आपल्या बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यात काटकसर नेमकी इथंच होते आणि तडे जातात. त्यासाठी ओलं गोणपाट गुंडाळून वर प्लास्टिकचा कागद बांधा. ओल उडत नाही. थोडक्या पाण्यात सात दिवस निभतात.

नव्या सिमेंटमधला चुना रोपाला सोसत नाही. भोक बुजवून पाणी भरा, दोन-तीनदा बदला, मगच माती घाला.

सिमेंटला पुरती ताकद यायला २८ दिवस लागतात. दसऱ्याला ओतलेलं वृंदावन तुळशीच्या लग्नाला बरोबर तयार होतं.